स्वप्न आपले, मग अर्थ सांगणारा दुसरा कशाला?



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू झाले. अगदी सुरुवातीलाच महामायेचे स्वप्न येते. त्या दिवशीचे वाचन संपल्यावर साठी ओलांडलेल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सासूबाई सारख्या सपनात येतात. ओल्या लुगड्यानं दारात उभ्या राहतात. बोलत काही नाहीत. शेजारणीनं एका बाबाकडं नेलं. तो म्हणतो, त्यांचा जीव अडकलाय, करणी सोडवावी लागंल, अकरा हजार लागतील. काय करू?”

मागे बसलेली दोन पोरे फिसकन हसली. आमच्यातल्या एकाने लगेच बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, मग हे काय काढलेत? मावशी शांतपणे म्हणाल्या, “करू का नको ते मी इचारलंच न्हाई. सपन का पडतं ते इचारलं.” यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. पुढचे दोन रविवार मावशी विहारात आल्या नाहीत.

हा लेख त्या दोन रविवारांमुळे लिहितो आहोत. हसणाऱ्यांत आम्हीही होतो, आवाज काढला नाही एवढेच. आपल्या चळवळीने स्वप्न हा विषय अंधश्रद्धेच्या पेटीत टाकून कुलूप लावले आहे. त्यामुळे झाले असे की, पेटीची किल्ली बाबालोकांच्या हाती राहिली. स्वप्ने तर सगळ्यांनाच पडतात, नास्तिकालाही पडतात. त्यांचा अर्थ काय, हा प्रश्नही सगळ्यांच्या मनात येतो. आपण उत्तर दिले नाही की प्रश्न दुसऱ्याच्या दारात जातो, आणि त्या दारात पैसे मोजावे लागतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, स्वप्नाचा अर्थ कोणी सांगायचा ही या देशात कधीच खासगी बाब नव्हती. तो अधिकाराचा झगडा होता, आणि त्या झगड्यात बुद्धाची परंपरा कुठे उभी होती हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे.

सुरुवात कोसल देशापासून करू. राजा प्रसेनजिताला एका रात्री सोळा स्वप्ने पडली. ही कथा जातकात आहे, महासुपिन जातक या नावाने. राजा घाबरून जागा झाला. सकाळी पुरोहित ब्राह्मण ‘झोप चांगली लागली ना महाराज’ असे विचारायला आले, तेव्हा त्याने स्वप्ने सांगितली. ब्राह्मणांनी हात चोळले. म्हणाले, स्वप्ने भयंकर आहेत. राज्य जाईल, नाहीतर जीव जाईल, नाहीतर संपत्ती जाईल. उपाय एकच, यज्ञ. लगेच नगराबाहेर यज्ञाची जागा खणली गेली, खोड नसलेली जनावरे आणि पक्ष्यांचे थवे आणले गेले, आणि ब्राह्मणांची ‘हे आणा, ते आणा’ अशी धावपळ सुरू झाली.

ही धावपळ राणी मल्लिकेच्या नजरेत आली. ब्राह्मण आज एवढ्या फेऱ्या का मारताहेत, असे तिने राजाला विचारले. राजाने सांगितल्यावर ती म्हणाली, जेतवनात बुद्ध आहेत, आधी त्यांना विचारा. मल्लिका कोण होती? श्रावस्तीच्या माळ्याची मुलगी. कुम्मासपिंडी जातकात तिची कथा आहे, कामाला निघालेली असताना आपल्या वाटणीचे अन्न बुद्धाला देणारी. राजवाड्यात एवढे मंत्री, एवढे सेनापती असताना ‘जरा थांबा, दुसऱ्याला विचारून पाहा’ हे सुचले ते एका माळ्याच्या लेकीला. राजा जेतवनात गेला. बुद्धांनी सगळी स्वप्ने ऐकून घेतली आणि सांगितले की तुला यातून काहीही भय नाही. यज्ञ थांबला, जनावरे सुटली.

यज्ञ थांबला म्हणजे काय झाले, हे नीट समजायचे असेल तर संयुत्त निकायातले यज्ञ सुत्त वाचावे. याच प्रसेनजिताच्या एका यज्ञाची तयारी तिथे वर्णिली आहे. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, पाचशे बोकड, पाचशे मेंढे खांबाला बांधण्यासाठी आणलेले. आणि दास, निरोपे, कामगार दंडाच्या भीतीने, डोळ्यांतून पाणी गाळत तयारीची कामे करताहेत. दोन अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात राबणाऱ्या माणसाचे अश्रू नोंदवलेले फार ठिकाणी सापडत नाहीत. राजाच्या छातीत धडकी भरते आणि त्याची किंमत गोठ्यातली जनावरे आणि कामावरचे दास मोजतात. अर्थ सांगणाऱ्याची मात्र झोळी भरते. मावशींचे अकरा हजार याच हिशेबातले आहेत.

जातकाच्या पुढच्या भागात, म्हणजे पूर्वजन्माच्या कथेत, एक तरुण शिष्य आपल्या ब्राह्मण गुरूला विचारतो की, एकाला मारून दुसऱ्याचे कल्याण होते असे आपल्या वेदांत कुठे आहे? गुरू त्याला गप्प करतो. म्हणतो, यातून आपल्याला मोठे धन मिळणार आहे, तू काय राजाचे धन वाचवायला निघालास? जातककाराने एवढे उघड लिहिले आहे की वर आम्ही भाष्य करायची गरज नाही.

आता त्या सोळा स्वप्नांतली काही पाहू. एका स्वप्नात राजवाड्याच्या दाराशी एक मोठा रांजण काठोकाठ भरलेला, भोवती रिकामी मडकी. तरी लोक येतात आणि भरलेल्याच रांजणात पाणी ओततात, रिकाम्याकडे कोणी पाहत नाही. याचा अर्थ असा सांगितला आहे की, पुढे असे राजे येतील जे सगळ्या रयतेला स्वतःसाठी राबवतील. लोक राजाची कोठारे भरत राहतील आणि त्यांच्या घरातल्या कणग्या रिकाम्याच राहतील. दुसऱ्या स्वप्नात एक तळे, मध्ये गढूळ आणि काठाशी स्वच्छ. अर्थ, राजे उसासारखे रयतेला पिळतील, म्हणून लोक शहरे सोडून सीमेवरच्या मुलखात जाऊन राहतील. आणखी एकात मोलाचे चंदन आंबट ताकाच्या बदल्यात विकले जाते. अर्थ, भिक्खू लाभासाठी धम्म विकतील. हे तिसरे आपल्या विहारांच्या फलकावर लिहून लावावे असे आहे. धम्माच्या नावाने पावत्या फाडणाऱ्यांना ते दिसेल.

पण थांबा. याच सोळा स्वप्नांत दुसरी काही आहेत आणि ती आपण लपवू नयेत. एका स्वप्नात सोन्याच्या भांड्यात कोल्हा मुततो. त्याचा अर्थ जातकात असा दिला आहे की, हीन कुळातले लोक सत्तेवर बसतील आणि उच्च कुळातले लोक पोटासाठी आपल्या मुली त्यांना देतील. पाण्यात भोपळे बुडतात आणि दगड तरंगतात, बोकड चित्त्यांना खातात, कावळ्याभोवती सोनेरी हंस सेवक बनून फिरतात. यांचाही रोख तोच, खालचा वर आणि वरचा खाली, म्हणून आता जग बुडाले.

हे वाचून आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगी संतापली होती. तिचा संताप बरोबर होता. ज्या आंतरजातीय लग्नाला बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये जात मोडण्याचा खरा उपाय म्हटले, तेच लग्न इथे जगबुडीचे लक्षण म्हणून येते. बुद्ध असे बोलले असतील का? जन्माने कोणी वृषल नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मण नाही, असे वसल सुत्तात सांगणारा माणूस हे बोलेल हे आम्हाला पटत नाही. जातकांच्या गद्य अट्ठकथा बुद्धानंतर कित्येक शतकांनी ग्रंथबद्ध झाल्या. मधल्या काळात सांगणाऱ्यांनी आपापल्या काळजीची भर घातली. म्हणजे स्वप्नाचा अर्थ भटजीच्या हातून सुटून बुद्धाच्या मुखी आला तरी, लिहिणाऱ्याची जात त्याच्या मागून हळूच आत शिरली. आपण जातक फेकायचे नाही आणि डोक्यावरही घ्यायचे नाही. बाबासाहेबांनी कसोटी दिलेली आहे: जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे, माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध आहे, ते बुद्धवचन मानता येईल. ती कसोटी लावली की रांजण राहतो, कोल्हा जातो.

एक आक्षेप नेहमी येतो. बुद्धांनी स्वप्नफल सांगायला बंदी केली होती, मग हे स्वतःच कसे सांगतात? बंदी होती हे खरे. दीघ निकायातले पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल, घ्या. कोणत्या विद्येवर पोट भरणे भिक्खूला वर्ज्य आहे त्याची लांबलचक यादी तिथे आहे. अंगावरची लक्षणे पाहणे, उत्पात सांगणे, स्वप्ने सांगणे, उंदराने कुरतडलेल्या कापडावरून शकुन सांगणे. या सगळ्याला तिरच्छान विद्या म्हटले आहे, म्हणजे आडवाटेची, हलकी विद्या. सुत्तनिपातातल्या तुवटक सुत्तात अथर्वणाचे मंत्रतंत्र, स्वप्न, लक्षण आणि नक्षत्र ही चौकडी एकत्र नाकारलेली आहे. उंदराच्या कापडावरून आठवले, मंगल जातकात राजगृहाच्या एका ब्राह्मणाची गोष्ट आहे. नवे कोरे वस्त्र उंदराने कुरतडले म्हणून तो ते अपशकुनी समजून मुलाकरवी स्मशानात टाकायला पाठवतो, आणि बुद्ध ते वस्त्र सरळ उचलून घेतात. ब्राह्मण मागे धावतो, टाका टाका म्हणतो. चिंधीला शकुन नसतो, ती वापरायची असते, एवढा साधा हा प्रकार.

यादीतला मुख्य शब्द पाहा. ‘उपजीविका’. माणसाच्या भीतीवर पोट भरणे ही मिथ्या आजीविका. स्वप्न पडणे गुन्हा नाही, त्यावर विचार करणे गुन्हा नाही. दुसऱ्याच्या झोपेतल्या भीतीचे दुकान मांडणे हा गुन्हा आहे. विहारात त्या दिवशी आम्ही नेमका हा फरक विसरलो आणि मावशींना आरोपी केले. आरोपी बाबा होता.

स्वप्नशास्त्राचे दुकान फक्त पैशाचेच नव्हते, ते वर्णाचेही होते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांवर एक अध्याय आहे. त्यात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत आणि पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले अशा पहिल्या पाचांना फळ नसते असेही स्पष्ट म्हटले आहे. वैद्य माणसाचे निरीक्षण आहे, चांगले आहे. पण त्याच अध्यायात कोण स्वप्नात दिसणे वाईट याची नोंद येते, तेव्हा काषाय वस्त्र घातलेले, नग्न, दंडधारी, काळे, लाल डोळ्यांचे असे लोक येतात. रामायणात त्रिजटेच्या स्वप्नातला मरणार असलेला रावण मुंडण केलेला, तांबडे वस्त्र नेसलेला, गाढवांच्या रथातून दक्षिणेला जाणारा आहे. काषाय म्हणजे दरवेळी बौद्ध भिक्खूच, असे आम्ही म्हणत नाही. इतर संन्यासीही ते वस्त्र वापरत. पण जागेपणी काय समजत होते त्याचा पुरावा मृच्छकटिकात आहे. चारुदत्त, एवढा उदार मनाचा नायक, समोरून श्रमण येताना दिसताच हे दर्शन अशुभ म्हणून वाट बदलतो. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ बौद्धद्वेषात दाखवताना हाच प्रसंग पुरावा म्हणून मांडला आहे. ज्याला रस्त्यात पाहणे अशुभ, त्याला स्वप्नात पाहणेही अशुभ. स्वप्नफलाच्या पुस्तकात शुभ कोण आणि अशुभ कोण हे ठरवले जागेपणीच्या समाजाने. पुढे तीच यादी पंचांगाच्या शेजारी विकल्या जाणाऱ्या पुस्तिकांतून आपल्या घरात आली, आणि आपलीच माणसे आपल्याच रंगाला अपशकुन समजू लागली.

आता बुद्धांनी स्वतःच्या स्वप्नांचे काय केले ते पाहू. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात पाच महास्वप्नांचे सुत्त आहे. संबोधीच्या आधी सिद्धार्थाला पाच स्वप्ने पडली. पृथ्वी हे अंथरूण, हिमालय ही उशी, हात पूर्व आणि पश्चिम समुद्रात, पाय दक्षिण समुद्रात. मग नाभीतून गवत उगवून आकाशाला भिडले. मग काळ्या डोक्याचे पांढरे किडे पावलांपासून गुडघ्यांपर्यंत चढले. मग चार दिशांनी चार वेगवेगळ्या रंगांचे पक्षी आले, पायाशी पडले आणि सगळे पांढरे झाले. शेवटी शेणामातीच्या, घाणीच्या डोंगरावर चालतो आहे आणि पायाला घाण लागत नाही.

या स्वप्नांचा अर्थ सांगायला कोणी ब्राह्मण बोलावलेला नाही. अर्थ बुद्ध स्वतः सांगतात, समोर भिक्खू बसलेले आहेत. पहिले स्वप्न संबोधीचे, दुसरे अष्टांगिक मार्ग माणसांपर्यंत पोचवण्याचे. पांढरे किडे म्हणजे पांढरी वस्त्रे नेसणारे गृहस्थ, जे शरण आले. शेवटचे स्वप्न असे की चीवर, अन्न, निवारा मिळेल पण त्याची आसक्ती चिकटणार नाही. आणि चौथे? चार रंगांचे पक्षी म्हणजे क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य आणि शूद्र, हे चारही वर्ण संघात येऊन एक होतील. पालीत ‘वण्ण’ म्हणजे रंगही आणि वर्णही. मराठीतही ‘वर्ण’ तसाच. त्या एका शब्दावर हे स्वप्न उभे आहे: नाना वर्णांचे आले, एका वर्णाचे झाले. पुरुषसूक्ताने एका देहाचे चार तुकडे करून माणसे उतरंडीत मांडली. इथे चार वेगळे पक्षी येतात आणि उतरंड नाहीशी होते.

पांढऱ्या वस्त्रांचे गृहस्थ हे वाक्य वाचताना आमच्या डोळ्यांसमोर १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी आली. लाखो माणसे पांढरे कपडे घालून आली होती. कित्येकांनी असलेलेच धुऊन घातले. बाबासाहेबांनी हे सुत्त मनात धरून पांढरा रंग सांगितला, असा दावा आम्ही करत नाही. पांढरे वस्त्र हे बौद्ध उपासकाचे जुने वस्त्र आहे, एवढे कारण पुरे आहे. पण ज्यांच्या आजोबांनी ते कपडे घातले त्यांना हे सुत्त कुणी वाचून दाखवले नाही, याची खंत वाटते. बाबांच्या दरबारात जाण्याआधी हे सुत्त कानावर पडायला हवे होते.

कोणी म्हणेल, बुद्धाचीही स्वप्ने भविष्यच सांगतात, मग फरक काय? फरक आहे. प्रसेनजिताला सांगितले गेले ते ‘तुझ्यावर काय कोसळणार आहे’. सिद्धार्थाच्या स्वप्नांत कोसळणारे काहीच नाही. त्यांत एका माणसाने पुढे काय करायचे ते आहे. मार्ग सांगायचा, लोकांना घ्यायचे, वर्ण मोडायचे, मिळेल त्यात अडकायचे नाही. सुत्तकाराने त्याला पूर्वसूचना म्हटले, ती श्रद्धेची भाषा आहे, मान्य. तरी त्यातला मजकूर कामाचा आहे, यज्ञाचा नाही. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हा प्रसंग एका वाक्यात आटोपला आहे. पाच स्वप्ने पडली, जागे झाल्यावर त्यांनी स्वतःच त्यांचा अर्थ लावला की संबोधी नक्की मिळणार. स्वप्ने काय होती हे बाबासाहेब सांगत नाहीत. अर्थ कोणी लावला, तेवढे सांगतात.

सरळ रेषेत हा इतिहास जात नाही, तेही सांगून टाकू. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद नागसेनाला विचारतो की, स्वप्न कोणाला पडते. नागसेन सहा कारणे सांगतो: वात, पित्त, कफ, देवतेचा प्रभाव, रोजची सवय आणि पूर्वनिमित्त. यातली बहुतेक शरीराची आणि सवयीची आहेत, आणि स्वप्न गाढ झोपेतही पडत नाही आणि पूर्ण जागेपणीही नाही, मधल्या माकडझोपेत पडते, असे त्याचे निरीक्षण आहे. हे सगळे समजदार आहे. पण तोच नागसेन म्हणतो की खरे ठरते ते शेवटचे, आणि पाहणाऱ्याला स्वतःला फळ कळत नाही, तो दुसऱ्यांना सांगतो आणि ते अर्थ सांगतात. बघा, मागच्या दाराने व्याख्याता परत आला. बौद्ध ग्रंथातही आला.

महाराष्ट्रात एक वेगळी गोष्ट घडली. तुकोबांना गुरूपदेश स्वप्नात झाला असे त्यांनीच सांगितले. शूद्राला दीक्षा द्यायला जागेपणी कोण बसले होते? आणि त्याच तुकोबांनी आपल्याला स्वप्नात उपदेश केला असे ब्राह्मण कुटुंबातल्या बहिणाबाईंनी सांगितले. घरात स्फोट झाला. ब्राह्मण बाईने शूद्राला गुरू मानले म्हणून नवऱ्याने मारले, हे त्यांच्याच आत्मचरित्रपर अभंगांतून कळते. वारकरी परंपरेशी आमचे मतभेद आहेत आणि ते आम्ही इतरत्र लिहिले आहेत. पण इथे एक गोष्ट नोंदवतो. जो दरवाजा जागेपणी बंद होता तो या दोघांनी झोपेत उघडला, आणि स्वप्नाचा अर्थ कुठल्याही शास्त्र्याला न विचारता स्वतः लावला. मार पडला तो स्वप्नासाठी नाही, अर्थासाठी.

आता महामायेकडे येऊ, जिथून वाचन सुरू झाले होते. निदानकथेत पांढरा हत्ती सोंडेत पांढरे कमळ घेऊन येतो आणि राणीच्या उजव्या कुशीतून आत शिरतो. भारहूतच्या स्तूपावर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराला, हे शिल्प कोरले आहे. आज ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. राणी निजलेली, भोवती दासी पेंगलेल्या, दिवा तेवतो आहे, वरून हत्ती येतो आहे. त्या चौकटीत अर्थ सांगणारा कोणी नाही. आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हीच कथा रंगवली आहे, तिथे स्वप्नानंतर अर्थ सांगण्याचा प्रसंगही येतो. तरुणांनी अजिंठ्याला गेल्यावर पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर सेल्फी काढून न परतता शेजारच्या दुसऱ्या लेण्याची ही भिंतही पाहावी.

बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी हत्ती काढून टाकला. त्यांच्या ग्रंथात स्वप्नात सुमेध नावाचा बोधिसत्त्व महामायेसमोर येतो आणि विचारतो की, मी शेवटचा जन्म घ्यायचे ठरवले आहे, तू माझी आई व्हायला कबूल आहेस का? ती आनंदाने होकार देते आणि जागी होते. कुशीत शिरणाऱ्या हत्तीच्या जागी एक प्रश्न आला. बाईला विचारले गेले, तिने उत्तर दिले. बोधिसत्त्वालाही आईची संमती घ्यावी लागते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे आले आहे, हे विसरू नये.

आणि त्यांनी एक गोष्ट ठेवली. शुद्धोदन आठ ब्राह्मणांना बोलावतो. बाबासाहेब त्यांची नावे देतात, आणि मग त्यांना काय काय दिले त्याची यादीही देतात. उंच आसने, सोन्यारुप्याने भरलेली पात्रे, तूप, मध, साखर, दुधातला भात, नवी वस्त्रे, गाई. हे सगळे पोचल्यावरच शुद्धोदन त्यांना स्वप्न सांगतो. एवढा कात्री चालवणारा लेखक हे बिल का ठेवतो? आम्हाला वाटते, मुद्दाम. महामायेला तिचा अर्थ स्वप्नातच कळला होता, तिने होय म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सोने वाटले गेले ते फक्त नवऱ्याच्या खात्रीसाठी. विहारात त्या दिवशी हेच पान वाचले गेले होते. मावशींनी प्रश्न विचारला तो याच पानावरून, आणि आम्ही उत्तर शोधत होतो बावीस प्रतिज्ञांत.

तिसऱ्या रविवारी आम्ही दोघेजण मावशींच्या घरी गेलो. माफी मागितली. मग विचारले, मावशी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, सासूबाई ओल्या का असतात? फ्रॉइडने १८९९ साली स्वप्नांवर जो जाडजूड ग्रंथ काढला, त्यातले पुष्कळसे आज टिकत नाही. पण स्वप्नातल्या एकेका गोष्टीवरून स्वप्न पाहणाऱ्यालाच काय आठवते ते विचारायचे, ही त्याची पद्धत उपयोगाची आहे. तेवढेच आम्ही केले.

मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग छताकडे बघत म्हणाल्या, “शेवटच्या पावसाळ्यात त्या आजारी व्हत्या. पत्रा गळत व्हता, गोधडी रोज भिजायची. पत्रा बदलू बदलू म्हणत राहिलो. त्या गेल्या.” पत्रा अजून तसाच होता. खाली पातेले ठेवलेले होते.

अकरा हजारांत पत्रे येतात का, हे विचारायला आमच्यातला एकजण दुसऱ्या दिवशी दुकानात गेला. हसणारी दोन पोरे पत्रे चढवायला आली. पुढच्या रविवारी वाचन बरेच पुढे गेले होते, सिद्धार्थाचे गृहत्याग प्रकरण चालू होते. मावशी आल्या, मागे बसल्या, आणि संपल्यावर म्हणाल्या, “ते पयलं परत वाचा की. तिला इचारलं आन् ती व्हय म्हनली, ते.”